शेवटच्या बांगडीची फुंकर

माझे अब्बा माझ्या स्वप्नात मुदखेडच्या स्टेशनावर उतरतात. गाडी धुक्यातून येते, तिला आवाज नसतो. अब्बांच्या खांद्यावर मलार असतो. मलार म्हणजे दोरीत ओवलेल्या बांगड्यांचा भलामोठा घोस. आमच्या बांगड्या भरणाऱ्या मणियार लोकांत आधी मलाराचा आवाज येतो आणि मग माणूस दिसतो. स्वप्नातला मलार वाजत नाही. हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्या पाण्यात हलाव्यात तशा हलतात. मी फलाटावर लहान पोरगी होऊन उभी असते, पण माझे केस पांढरे असतात. अब्बा जवळ येतात आणि मी जागी होते.

हे स्वप्न मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना मी एवढंच सांगत आले, की माझे अब्बा अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी हैदराबादला गेले. कुणी पुढं विचारलं, मग परत का न्हाई आले, तर मी म्हणायची, "तुझा बाप घरी बसून काय उजेड पाडून राहिला?" मग कुणी विचारत नसे.

माझं नाव रहमतबी. लातूरच्या गंजगोलाईत माझं बांगड्यांचं दुकान आहे. बोर्डावर आमच्या ह्यांचं नाव आहे, ते मी घेत नाही. रेशनवाला विचारायचा, मालकाचं नाव सांगा. मी म्हणायची, डोळे आहेत ना, बोर्ड वाच. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि मी तर रीत मोडणाऱ्यातली नव्हेच.

माहेर तेरणेच्या काठचं. त्या गावाचं नाव लिहीत नाही. आता त्या नावाचं गाव दुसऱ्याच माळावर वसलंय, पत्र्याच्या आणि सिमेंटच्या घरांचं, त्यांना कशाला डाग लावू.

पोलीस ॲक्शनच्या आधी वर्षभर रझाकार फिरत होते. त्यांनी लोकांची घरं लुटली, माणसं मारली, हे मी लपवत नाही. आमच्या गावातल्याही काहींनी ती टोपी घातली होती. मग हिंदुस्थानची फौज आली. टोपीवाले आधीच पळाले. फौज धूळ उडवत पुढं निघून गेली, आणि मागं उरलेल्या गावानं टोपीवाल्यांचा राग टोपी न घातलेल्यांवर काढला. अब्बा गावातच राहिले होते. बांगड्या भरणाऱ्याला कोण काय करणार, असं त्यांचं म्हणणं.

आम्हा बायका-पोरींना कुणीतरी कडब्याच्या गंजीत लपवलं. कडब्याचा वास गोड असतो. मला झोप लागली. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि गावात आमच्यातला एकही बाप्या नव्हता. माळावरच्या विहिरीकडं नेलं, असं लोक म्हणाले. कुणी असंही म्हणालं, की काही जण निसटले आणि हैदराबादच्या वाटेला लागले. विहिरीत मग दगड टाकले, वर बाभळीचे काटे.

अम्मा मला घेऊन मुदखेडला खालाकडं, तिच्या बहिणीकडं, गेली. खालाचं घर स्टेशनापाशी. हैदराबादकडून गाडी आली की मी फलाटावर जायची. एवढी माणसं उतरायची, त्यांच्यात मलारवाला कधी नसायचा. पुढं पोटासाठी अम्माला परत जावं लागलं. मणियार बाईची गावं ठरलेली असतात. दुसरीच्या गावात जाऊन हात धरता येत नाही. म्हणून अम्मा त्याच गावात गेली, त्याच दारांत बसली, आणि ज्यांच्या घरच्यांनी तिचं घर मोडलं त्यांच्या बायकांचे हात तिनं मांडीवर घेतले.

मी टोपली सांभाळायची आणि बघायची. अम्मा हात धरायची, अंगठा आत दुमडायची, बोटांची मुळं दाबायची, आणि बांगडी चढवताना ओठांतल्या ओठांत एक नाव घ्यायची. लाडलेसाब पिंजारी. दुसरी बांगडी, दस्तगीर अत्तार. तिसरी, मौलाली. ज्यांना विहिरीकडं नेलं त्यांची नावं, ठरल्या क्रमानं. हात बदलायचा, क्रम बदलत नसे. दोन्ही हात भरतील इतकी नावं होती. बायकांना वाटायचं, मणियारीण आपल्या धन्यासाठी दुवा मागते. भरून झालं की त्या बांगड्यांना हात लावून अम्माला वाकून नमस्कार करायच्या. अम्मा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची. तिच्या तोंडावर काही दिसायचं नाही.

नावं संपली की ती एक जास्तीची बांगडी चढवायची. ती मणियारणीची भेट असते. त्या बांगडीला नाव नव्हतं. अम्मा मनगटावर नुसती फुंकर घालायची.

एकदा नदी ओलांडताना मी विचारलं, "अम्मा, अब्बा का नाम कायकू नइं लेती?"

अम्मानं माझ्याकडं पाहिलं. मग टोपली डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरली. मला उत्तर मिळालं. नाव घेत नाही म्हणजे अब्बा त्यांच्यात नाहीत. अब्बा हैदराबादला आहेत.

पुढं माझं लग्न लातूरला झालं, अम्मा गेली, पोरं झाली, ती शिकली, आणि मी हैदराबाद जपून ठेवलं.

भूकंप झाला त्या पहाटे दुकानातल्या सगळ्या बांगड्या एकदम वाजल्या. आमचं घर दुकानाच्या मागंच. अंधारात शेकडो बायका एकाच वेळी हात धुऊन राहिल्यात, असा तो आवाज. मी अंथरुणात उठून बसले आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की अब्बा आले. मग भिंत हलली.

लातूरला थोडक्यात निभावलं. माझं माहेर झोपलं ते उठलंच नाही. दगडमातीची घरं माणसांवर बसली. नीलाबाईचा नवरा, मुलगा, सून, सगळे आत राहिले. नीलाबाई अंगणात बाजेवर होती, नात कुशीत, म्हणून त्या दोघी उरल्या. ही नीलाबाई पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली निलंग्याकडून आमच्या गावात सून म्हणून आलेली. मी टोपली घेऊन दारात बसायची तेव्हा ती नवी नवरी.

भूकंपानं पाणीसुद्धा जागचं हललं. कुठं विहिरी आटल्या, कुठं गरम पाणी आलं म्हणत होते. माळावरची ती विहीर आतून खचली. इतक्या वर्षांचे दगड खाली गेले आणि पाणी वर आलं. बघून आलेले सांगायचे, पाणी असं निवळ, की त्यात आभाळ जवळ दिसतं. मी बघायला गेले नाही. माझं तिथं कोण होतं?

मग लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. गल्लोगल्ली क्लास. नांदेडहून, जळकोटहून, कुठून कुठून पोरं यायला लागली. रस्त्यानं चालताना सूत्रं घोकतात, सायकल अंगावर आली तरी ओळ पुरी केल्याशिवाय बाजूला होत नाहीत. मी माडीवरच्या खोल्या मुलींना दिल्या. नीलाबाईची नातही माझ्याकडंच. डॉक्टर व्हायचंय म्हणते. नीलाबाई दर जुम्म्याला एसटीनं धपाटे घेऊन यायची.

"नीलाबाई," मी म्हणायची, "तुझ्या धपाट्यातलं मीठ तुझ्या बोलण्यासारखं. एका घासाला हाय, दुसऱ्याला न्हाई."

"तुला दोन घास पुरत न्हाईत म्हणून कळतंय ते," ती म्हणायची.

आमचं बोलणं असंच. तिच्या सासऱ्यानं त्या दिवशी पुढं होऊन माणसं विहिरीकडं नेली, हे गावाला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, तिलाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. धपाट्यांवर बोलायचो.

एका दुपारी दुकानात एक मुलगी आली. बाजार सुस्त होता, काचेवर ऊन पडून भिंतीवर रंग सांडले होते. ती त्या रंगांत उभी राहिली.

"माप काय तुझं?" मी विचारलं.

"बांगड्या नकोत. मी नांदेडहून आलेय. वकील आहे. बुद्धप्रिया."

"वकील झालं की मनगट गळून पडतं का गं?"

ती हसली, आणि हसल्यावर मला तिच्या तोंडात दुसरंच कुणी दिसलं. "मी ग्यानोबाची नात, अम्मा. तुमच्या गावचा ग्यानोबा."

ग्यानोबा मला आठवत होता. गावात जनावर मेलं की ओढून न्यायला ज्यांच्या वस्तीत सांगावा जायचा, त्या वस्तीतला. पुढं छप्पन साली ते सगळे बौद्ध झाले, ते काम सोडलं. ग्यानोबा नांदेडकडं लोह्याला गेला, पोरं शिकवली, असं ऐकलं होतं.

"मागच्या साली गेले आजोबा," बुद्धप्रिया म्हणाली. "जाण्याआधी माझ्याजवळ टेपवर सगळं बोलले. आम्ही नांदेडचे काही वकील, मास्तर मिळून तेव्हाच्या लोकांचं म्हणणं नोंदवून घेतोय. रझाकारांनी केलं तेही, नंतर झालं तेही."

"आणि पन्नास वर्षं कुठं होता तुम्ही?"

"मी जन्मले नव्हते."

"मी जन्मले होते. तुला काय त्याचं कौतुक?"

ती गेली नाही. स्टुलावर बसली आणि सांगत राहिली. जुन्या गावठाणावर कुणीतरी मोठा निवासी क्लास बांधणार. पोरं तिथंच राहणार, तिथंच घोकणार. ती विहीर भूकंपाचा मलबा टाकून बुजवणार आणि वर मैदान करणार. पंचायतीला विचारलं तर ते म्हणतात, पडकी विहीर आहे, लोक मेलेली जनावरं टाकायचे. "आजोबांच्या टेपवर जागा आहे, दिवस आहे. नावं नाहीत, अम्मा. नावं असली आणि ती सांगणारं माणूस असलं, तर ही कबर आहे म्हणून कलेक्टरकडं भांडता येईल. तिथं दगड लावता येईल. पोरं खेळतील ती त्यांच्यावर पाय देऊन नको."

"ज्यांची माणसं गेली त्यांना विचार. माझे अब्बा हैदराबादला गेले."

बुद्धप्रियानं पर्समधून लुगड्याच्या तुकड्याची गाठोडी काढली आणि माझ्या गल्ल्यावर सोडली. आत नदीचे खडे होते, गुळगुळीत. झोपेतून उठवल्यासारखे ते इकडंतिकडं झाले आणि गप्प पडले. मग तिनं टेप लावला. खरखर झाली, आणि म्हातारा ग्यानोबा माझ्या दुकानात बोलायला लागला.

"मेलेलं ओढाय आमालाच बोलवायचे. त्या दिशी माणसं ओढाय लावली. कुऱ्हाडी घिऊन मागं हुभे. मी तोंडाकडं न्हाई बघितलं. मी पाय धरायचो. दर माणसाला एक खडा उचलला अन् कमरंला खोचला. नाव कुटलं ठावं असणार. खडा तरी असूंदे म्हणलं."

टेप बंद झाला. दुकानातल्या बांगड्या हलत नव्हत्या.

मी का हो म्हणाले ते सांगते. गल्ल्यावर खडे पडले होते आणि त्यांना नावं नव्हती, नावं माझ्याकडं होती, हे एक. दुसरं माझ्या पोटात होतं, ते मी बुद्धप्रियाला सांगितलं नाही. अम्माची नावं आणि ग्यानोबाचे खडे जुळले, की अब्बा त्या विहिरीत नाहीत हे साबित होणार होतं. माझ्या तोंडच्या गोष्टीला पहिल्यांदा कुणाची साक्ष मिळणार होती. तो म्हातारा मेल्यावर माझी बाजू घेणार होता.

"जुम्म्याला ये," मी म्हणाले. "दुपारी पोरी क्लासला जातात. आणि मला अम्मा म्हणून मऊ करू नको, मी मऊ होत नसते."

"बरं, अम्मा," ती म्हणाली.

जुम्म्याला माडीवर सतरंजी घातली. भिंतीवर पोरींनी चिकटवलेली सूत्रं, खिडकीत ओले रुमाल. मधोमध टेप, त्याच्या पुढं खडे. नीलाबाई धपाट्यांचा डबा घेऊन कोपऱ्यात बसलेली. मी तिला म्हणाले, तू खाली बस, चहा पी.

"कामून? मी बी त्याच गावची हाय."

"ऐकवणार न्हाई तुला."

"ते मी ठरवते," ती म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

बुद्धप्रियानं बटण दाबलं. चाकं फिरायला लागली. "नाव सांगा, वय सांगा, आणि त्या दिवसाबद्दल आठवेल ते सांगा."

नाव सांगितलं. वय अंदाजानं सांगितलं. मग विहीर, कडबा, झोप. मग ती म्हणाली, "आता नावं."

एकही नाव आलं नाही. मी डोळे मिटले. अम्माचे ओठ दिसत होते, त्यातून आवाज येत नव्हता, स्वप्नातल्या मलारासारखा. माझे हात मात्र मांडीवर चालले होते. अंगठा दुमडल्यासारखं, बोटं दाबल्यासारखं. टेप नुसता फिरत होता.

"मला हात पाहिजे," मी म्हणाले.

बुद्धप्रियानं ताबडतोब आपला हात पुढं केला, घड्याळ काढून. मी खालून बांगड्यांचा डबा मागवला. तिचा हात धरला. पण तो हात चांगला, तरणा, लिहिणारा. माझ्या बोटांना तो अनोळखी होता. पहिली बांगडी चढवली, आणि तोंडून काही निघालं नाही. मी ती परत काढली.

"माझा घे," नीलाबाई म्हणाली.

मी वळले नाही. ती सरकत जवळ आली आणि तिनं आपला हात माझ्या मांडीवर ठेवला. उघडा हात. भूकंपात नवरा गेला तेव्हा त्या मनगटाच्या बांगड्या वाढवल्या होत्या. आम्ही मणियार फोडल्या म्हणत नाही, वाढवल्या म्हणतो. काच तिथं पुन्हा लागली नव्हती.

"येडी झालीस?" मी म्हणाले. "तुझ्या हातात काच बघितली तर उद्या गाव तुला काय म्हणेल?"

"गाव पडलं माझं, रहमत. हे नवं गाव हाय. ह्याला मी भीत न्हाई." मग ती बुद्धप्रियाला म्हणाली, "हिनं शिकताना पहिला हात माझाच भरलेला. हिची माय मागं बसून बघायली होती, अन् ही माझा अंगठा मोडायली होती."

"तू हात ताठ धरलेलास."

"आता ढिल्ला हाय. भर."

मी धरला. हाड पातळ झालं होतं, कातडी सैल, पण अंगठ्याखालची ती गाठ तिथंच होती. बोटांनी ती ओळखली. मी हिरवी बांगडी घेतली, अंगठा दुमडला, मुळं दाबली, आणि माझ्या तोंडातून अम्माचा आवाज आला.

"लाडलेसाब पिंजारी."

बुद्धप्रियानं एक खडा बाजूला सरकवला.

"दस्तगीर अत्तार. मौलाली. मौलालीचा थोरला अब्दुल. मौलालीचा धाकटा, त्याला बाबू म्हणायचे. बांगीसाब, मशिदीत अजान द्यायचे. खाजामियाँ शिंपी."

खडे एकेक करून सतरंजीवरून जात होते, नदी त्यांना नेतेय असे. खोली हळूहळू पाण्यानं भरतेय असं मला वाटलं. भिंतीवरची सूत्रं पाण्याखालून दिसत होती. माझे हात माझे नव्हते. एक हात भरला, मी दुसरा घेतला. नीलाबाईनं डोळे मिटले होते. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती, आणि माझ्या लक्षात आलं, की पुढचं नाव माझ्या आधी तिच्या ओठांवर येतंय. दुवा नव्हती ती, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं.

नावं संपली. मी जास्तीची बांगडी चढवली आणि मनगटावर फुंकर घातली. सवयीनं.

"एक राहिला," बुद्धप्रिया हळू म्हणाली.

सतरंजीवर एक खडा होता. काळसर, मधे पांढरी रेघ.

"तुझा आजा चुकला," मी म्हणाले. "भ्यालेला माणूस दोन खडे उचलतो."

नीलाबाईनं डोळे उघडले.

"न्हाई चुकला तो. ही शेवटची कुणाची, रहमत?"

"जास्तीची. अम्माची भेट."

"भेटीला कुणी अशी फुंकर घालतं? ही बांगडी चढवताना तुझ्या मायचा हात दर येळी कापायचा. तू टोपलीत तोंड घालून बसायचीस, तुला काय दिसणार. माझं मनगट तिच्या हातात असायचं. मला कळायचं." तिनं माझी बोटं धरली. "तुझ्या बाचं नाव ती कसं घेईल गं? नवरा होता तिचा."

पंखा फिरत होता. ओले रुमाल हलत होते. मी इतकी वर्षं रेशनवाल्याला बोर्ड दाखवलेला. माझ्या स्वतःच्या तोंडाला ती रीत बांधलेली, आणि अम्माच्या तोंडाची मला आठवण झाली नाही.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"हाव."

"इतकी वर्षं?"

"हाव. तू हैदराबाद म्हणायचीस. मी कोण तुझं हैदराबाद मोडणारी?"

बुद्धप्रियानं टेप बंद करायला हात नेला. मी तो धरला. "चालू राहू दे." मग मी नीलाबाईच्या मनगटावरची ती शेवटची बांगडी दोन बोटांत पकडली, आणि जे अम्माला घेता आलं नाही ते मला घेता येत होतं, कारण मी लेक होते.

"पाशामियाँ मणियार. मदारसाबचे लेक. बांगड्या भरायचे. माझे अब्बा."

काळा खडा सरकला. खाली रस्त्यावर क्लास सुटल्याचा गलका झाला, आणि कुणीतरी सायकलची घंटी वाजवत राहिलं.

मग बुद्धप्रियानं विचारलं, "त्यांना विहिरीकडं कुणी नेलं, ते कुणी सांगेल का?"

नीलाबाईचे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते, काचेनं भरलेले. ते हात धरून मला ते नाव घेता आलं नसतं, आणि सोडायचेही नव्हते.

"मी सांगते," नीलाबाई म्हणाली. "आधी अजून एक भर. माझ्या भावाची. शंकरप्पा. त्या दिवसाच्या आदल्या उन्हाळ्यात निलंग्याच्या वाटेवर तुमच्यातल्यांनी मारला त्याला."

"टोपीवाल्यांनी."

"टोपीवाल्यांनी. मग घरात म्हणायचे, सुनेच्या भावाचा सूड घेतला. माझा भाऊ होता तो. कसला सूड पाहिजे, मला कुणी विचारलं न्हाई."

मी लाल बांगडी निवडली. "शंकरप्पा," मी म्हणाले आणि चढवली. बुद्धप्रियाजवळ त्याच्यासाठी खडा नव्हता. तिनं ते नाव टेपमध्ये घेतलं.

मग नीलाबाईनं पदर डोक्यावर घेतला, सासऱ्यासमोर घ्यायचा तसा. त्याचं नाव तिच्या तोंडातून आजवर निघालं नव्हतं. सून मामंजी म्हणते, नाव नाही. मग तिनं पदर परत खाली सोडला, टेपच्या जवळ वाकली, आणि त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तीनही नीट सांगितलं. "मी त्यांची सून हाय," ती म्हणाली. "त्या सांजंला हातपाय धुवायला पाणी मीच दिलं होतं."

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते तिनं घेतलं. मी कशाला उष्टं करू.

टेप थांबला. नीलाबाईनं रिवाजाप्रमाणं बांगड्यांना हात लावला आणि मला वाकून नमस्कार केला. माझा हात तिच्या डोक्यावर जायला वेळ लागला. पण गेला.

पुढचं थोडक्यात. कलेक्टर ऑफिसात अर्ज गेला, बुद्धप्रियानं चपला झिजवल्या, अजून झिजवतेय. न्याय म्हणतात तो कधी येईल ते वकिलांना ठाऊक. विहीर मात्र बुजवली नाही. क्लासवाल्यांनी भिंत विहिरीच्या अलीकडंच घातली. आम्ही विहिरीवर जाऊन जनाज्याची नमाज पढली. पोरं, नातवंडं रांगेत उभी राहिली. आम्ही बायका मागं होतो, आणि आमच्या मागं बाभळीखाली नीलाबाई, दोन्ही हात पदराबाहेर. नव्या गावात तिच्याबद्दल बोलले लोक. एकीनं म्हणे तोंडावर विचारलं, ह्या वयात बांगड्या कुणासाठी गं? नीलाबाईनं तिला बसवून घेतलं आणि पहिल्या बांगडीपासून सांगायला सुरुवात केली. ती बाई मधेच उठून गेली, पण निम्मी नावं ऐकूनच.

मी पाण्यात वाकून बघितलं. लोक सांगत होते ते खरं होतं, आभाळ लई जवळ होतं.

मुदखेडची गाडी आता स्वप्नात येत नाही. पहिल्या पहिल्यांदा मी तिची वाट बघायची, डोळे मिटून पडून राहायची. एकदा नुसता आवाज आला, लांबून, मलार खांद्यावर घेऊन कुणी चालत असावं तसा. दिसलं कुणी नाही.

परवा दुकानात एक नवरी आली, सोबत पाच-सहा बायका, गलका नुसता. हात कोवळा, घाबरलेला. मी भरत गेले. नावं आता ओठांत ठेवत नाही, मोकळी घेते. बायका आपसांत बोलत असतात, कुणी ऐकतं, कुणी नाही. शेवटची जास्तीची बांगडी घेतली.

"पाशामियाँ," मी म्हणाले.

नवरीनं मान वर केली. "पाशामियाँ कोण?"

"माझा बाप," मी म्हणाले. "हात ढिल्ला सोड."